सत्तावीसशेचा फरक आणि सतरा अंकी संख्या

भाकरी झाल्या असतील, भांडी व्हायची असतील. भांडी थोडी थांबतील. आज वही आणि पेन जवळ घेऊन बसा. पेन सापडत नसेल तर रांगोळीचा डबा घ्या, त्यानंही आपलं काम होईल. आज आपण एका मोठ्या संख्येची ओळख करून घेणार आहोत. ती सतरा अंकांची आहे. पण आधी एक सत्तावीसशे रुपयांची गोष्ट सांगते, कारण त्या सत्तावीसशेंमुळेच मी या मोठ्या संख्येपर्यंत पोचले.

मार्चअखेर होता. सात रस्त्याला आमची बसायची खोली आहे, तिथं एका गटाचा वर्षाचा हिशोब मांडून बसले होते. कच्च्या वहीतलं पक्क्या वहीत उतरवायचं, बेरजा घालायच्या, बँकेचं पासबुक आणि हातातली रोकड यांच्याशी मेळ घालायचा, हे काम तुम्हां सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सगळं झालं आणि मेळ बसेना. वहीप्रमाणे जेवढे पैसे असायला हवे होते, त्यापेक्षा २,७०० रुपये कमी होते.

रोकड गटाच्या सचिव मावशींकडे असायची. साठीच्या आसपासच्या, सही करता येते, पण लिहिण्याचं काम त्यांचं नाही. गटाच्या बैठकीत मी फरक सांगितला आणि खोली गप्प झाली. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांची मान एकाच दिशेला वळली. मावशी म्हणाल्या, "ताई, मी एक रुपाया बी इकडचा तिकडं केला न्हाई." मग थोड्या वेळानं कानाला हात लावून म्हणाल्या, "तरी बी कमी पडत असतील तर ही फुलं मोडते. पन माझं नाव खराब नको."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन वेळा बेरजा केल्या, दोन्ही वेळा तेच उत्तर. सात रस्त्यावर उभं राहावं आणि कुठल्या रस्त्यानं जायचं तेच कळू नये, तसं झालं होतं. सकाळी आमच्या वाड्यात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या दिवाणजींना विचारलं. त्यांनी आयुष्यभर कापडाच्या पेढीवर वह्या लिहिल्या. त्यांनी वहीला हातही लावला नाही. एवढंच विचारलं, "फरक किती? २,७००? नऊनं भाग जातो की पोरी. आकडे उलटे पडले असतील बघ. हजाराचा आणि शेकड्याचा आकडा बघ. ज्या दोन आकड्यांत तीनचा फरक असेल तिथं थांब."

तासाभरात सापडलं. कर्जाच्या हप्त्यांची एका महिन्याची बेरीज कच्च्या वहीत ५,८२० होती. पक्क्या वहीत ८,५२० लिहिली गेली होती. लिहिणारी मीच होते. मावशींचा एक रुपयाही चुकला नव्हता, चूक माझ्या हाताची होती.

दिवाणजींना हे वही न उघडता कसं कळलं? मी बी.ए. आहे, माझा विषय मराठी. गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण माझ्या एका चुकीमुळे एका बाईच्या कानातली फुलं मोडायची वेळ आली होती, म्हणून ठरवलं की यामागचं कारण समजून घ्यायचंच. ते शोधता शोधता ही संख्या भेटली. लिहून घ्या:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि नऊपासून एकपर्यंत उतरायचं. उलटी वाचली तरी तीच. वाचायची कशी? उजवीकडून सुरुवात करून आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम द्या. आपण रोजच्या बोलण्यात कोटीपर्यंतच जातो, म्हणून ती अशी वाचता येईल: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. म्हणजे कोटींचेही कोटी झाले.

आपल्याकडे याहून मोठ्या संख्यांनाही नावं होती. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यातली बरीच गणितं लीलावती नावाच्या मुलीला उद्देशून विचारली आहेत. म्हणजे पावणेनऊशे वर्षांपूर्वी एका मुलीला बसवून मोठमोठ्या संख्या विचारल्या जात होत्या, हे लक्षात ठेवा. त्या ग्रंथात एक, दश, शत, सहस्र इथून सुरुवात करून परार्धापर्यंत अठरा घरांची नावं आहेत. आपल्या संख्येला सतरा घरं लागतात. तिचा पहिला एक 'मध्य' नावाच्या सतराव्या घरात बसतो. त्याच्या पुढचं घर परार्धाचं.

आता रांगोळीचा डबा घ्या. मधल्या ओळीत नऊ ठिपके काढा. त्याच्या वरच्या ओळीत दोन-दोन ठिपक्यांच्या मध्ये एक, असे आठ. त्याच्या वर सात, मग सहा, असं करत वर एका ठिपक्यावर या. खालीही तसंच, आठपासून एकपर्यंत. नऊ ते एक ठिपक्यांची ही रांगोळी आपण दिवाळीत कितीदा तरी काढतो. वरून खाली ओळी मोजा: एक, दोन, तीन, नऊपर्यंत, मग पुन्हा आठ, सात, शेवटी एक. ही आपली संख्याच झाली. तुम्ही ती वर्षानुवर्षं दारात काढत आला आहात.

या रांगोळीत एकूण ठिपके किती? बेरीज करत बसू नका. मान तिरकी करून बघा. तिरक्या ओळी दिसतील. प्रत्येक तिरक्या ओळीत नऊ ठिपके आणि अशा ओळी नऊ. नव नवे एक्क्याऐंशी. म्हणजे आपल्या संख्येतल्या सगळ्या अंकांची बेरीज ८१. हे आपण बेरीज न करता, नुसतं बघून काढलं.

ही संख्या येते कुठून? नऊ एक लिहा: १११११११११. या संख्येला तिनंच गुणा. म्हणजे अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा गुणिले तेवढेच. उत्तर आपली सतरा अंकी संख्या. एवढा मोठा गुणाकार करायला नको, तीन एकांचा छोटा करून बघू. १११ गुणिले १११ असं मांडा:

    १११
   १११०
  १११००
 ———
  १२३२१

प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणून उजवीकडच्या घरात एकच एक येतो, पुढच्या घरात दोन, मधल्या घरात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पायऱ्या चढाव्यात आणि उतराव्यात तसं. नऊ एकांचं गुणाकारात हेच होतं, फक्त पायऱ्या नऊ. रांगोळीतल्या तिरक्या नऊ ओळी म्हणजे गुणाकाराच्या नऊ ओळी, आणि आडव्या ओळी म्हणजे एकेका घरातली बेरीज.

मग दहा एक घेतले तर? तिथं हा डौल मोडतो. मधल्या घरात दहा येतात, आणि एका घरात नऊच्या वर अंक मावत नाही. शून्य लिहून हातचा एक पुढं द्यावा लागतो. पुढच्या घरातले नऊ त्या हातच्यानं दहा होतात, तेही शून्य लिहून हातचा देतात. त्याच्या पुढच्या घरातले आठ मग नऊ होतात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढावरून आठ गायब झाला. म्हणून आपली सतरा अंकी संख्या ही या घराण्यातली शेवटची, जिच्यात हातचा लागत नाही.

अशा संख्यांचा छंद लागलेला एक मराठी मास्तर होऊन गेला. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले. १९२७ साली त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ साली बी.एस्सी. झाले. पुढं १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवलं. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. शाळा सुटल्यावर वही घेऊन बसायचं आणि आकड्यांशी खेळायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगाला हे देवळालीचे मास्तर कळले. १९८६ साली ते वारले.

चढत्या-उतरत्या अंकांच्या आपल्या संख्येच्या जातीला कापरेकर मास्तरांनी नाव दिलं 'डेम्लो संख्या'. हे नाव कुठल्या देवाचं किंवा राजाचं नाही. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, आजचं डोंबिवली. तिथं त्यांना या संख्यांचा विचार सुचला, म्हणून स्टेशनचंच नाव ठेवलं.

त्यांनी आणखी एका जातीला नाव दिलं, 'हर्षद'. हर्ष देणारी ती हर्षद. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. १८ घ्या. एक आणि आठ नऊ, आणि अठराला नऊनं भाग जातो. १८ हर्षद. आता आपली मोठी संख्या हर्षद आहे का? तिच्या अंकांची बेरीज ८१. सतरा अंकांना ८१नं भागत बसायचं का? नको. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला नऊनं भाग जातो. (हे का, ते लगेच सांगते.) भागाकार येतो १२३४५६७९. बघा, इथंही आठ नाही! आता आपली संख्या म्हणजे नऊ एक गुणिले नऊ एक. दोघांनाही नऊनं भाग जातो, म्हणजे गुणाकाराला नव नवे एक्क्याऐंशीनं भाग जाणारच. आपली सतरा अंकी बाई हर्षद आहे.

एवढी मोठी संख्या फोडत फोडत गेलं, तर शेवटी तीनच जातींच्या विटा उरतात: ३, ३७ आणि ३३३६६७. या तिन्ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही भाग न जाणाऱ्या. तीन चार वेळा, बाकीच्या दोन-दोन वेळा. वाडा केवढाही मोठा दिसला, तरी विटा एवढ्याच.

आता मुख्य प्रश्न. अंकांची बेरीज नऊच्या भागातली असली की संख्येलाही नऊनं भाग जातो, हे का? हे कळलं की दिवाणजींची युक्तीही कळते.

नऊ बायकांचा गट आहे असं समजा. सगळ्यांना सारखे पैसे वाटायचे. दहाची नोट आली, प्रत्येकीला एक रुपया दिला, नऊ गेले, एक उरला. शंभराची नोट आली, प्रत्येकीला अकरा दिले, नव्व्याण्णव गेले, एक उरला. हजार रुपये आले, प्रत्येकीला एकशे अकरा, नऊशे नव्व्याण्णव गेले, पुन्हा एक उरला. (इथंही तेच एकांचं घराणं आलं, बघितलंत?) दहाचे असोत, शंभराचे असोत की लाखाचे, एका नोटेमागे एकच रुपया उरतो.

मग ५,८२० वाटले तर? पाच हजारांमागे पाच उरले, आठ शेकड्यांमागे आठ, दोन दशकांमागे दोन. पाच, आठ, दोन, पंधरा. पंधरातून प्रत्येकीला आणखी एक दिला, सहा उरले. म्हणजे ५,८२० ला नऊनं भागलं की बाकी सहा. भागाकार न करता, नुसती अंकांची बेरीज करून.

आता माझी चूक बघा. ८,५२०. अंक तेच, जागा बदललेल्या. आठ, पाच, दोन, तेही पंधरा. बाकी सहाच. दोघांचीही बाकी सारखी असेल तर एकातून दुसरी वजा केल्यावर बाकी उडते. म्हणून फरकाला नऊनं पूर्ण भाग जातो. ८,५२० वजा ५,८२०, उरले २,७००. नऊनं भागले, ३००.

हे एवढं साधं आहे: अंक तेच राहिले आणि जागा बदलल्या, तर फरकाला नऊनं भाग जाणारच. पाच हजारांत खरं आहे, तसंच सतरा अंकांतही खरं आहे. आपल्या मोठ्या संख्येतले अंक कसेही विस्कटा, मूळ संख्या आणि विस्कटलेली यांतला फरक नऊच्या पाढ्यातच राहील.

भागाकार ३०० आला, त्यातूनही माहिती मिळते. तीन आकडा शेकड्याच्या घरात आला, म्हणजे शेकडा आणि त्याच्या डावीकडचा हजार यांची अदलाबदल झाली असेल, आणि त्या दोन अंकांत तीनचा फरक असेल. पाच आणि आठ! दिवाणजींनी वही न उघडता हेच सांगितलं होतं. फरक २७ आला असता, तर भागाकार ३, म्हणजे एकक आणि दशक बघायचे. फरक ४५० असता तर भागाकार ५०, म्हणजे दशक आणि शेकडा बघायचे, त्या दोन अंकांत पाचचा फरक.

एक चूक आपल्याकडे आणखी होते, शून्य जास्त पडण्याची. ५०० चे ५,००० लिहिले जातात. फरक ४,५००. नऊनं भागा, ५०० येतात. म्हणजे फरकाला नऊनं भागून आलेला आकडा वहीत कुठं जसाच्या तसा दिसला, तर आधी तिथलं शून्य तपासा. आणि फरकाला नऊनं भाग जात नसेल पण दोननं जात असेल, तर त्याची निम्मी रक्कम वहीत शोधा. जमेची रक्कम खर्चाला लिहिली गेली की फरक दुप्पट पडतो.

नऊची बाकी गुणाकार तपासायलाही उपयोगी पडते. तेरा बायका, प्रत्येकीची बचत २५०. उत्तर ३,२५०. तपासा: तेराचे एक आणि तीन, चार. २५० चे दोन आणि पाच, सात. चार सत्ते अठ्ठावीस. दोन आणि आठ दहा, एक आणि शून्य एक. आता उत्तर ३,२५०: तीन, दोन, पाच, दहा, म्हणजे एक. जुळलं. चुकून ३,३५० लिहिलं असतं, तर बेरीज अकरा, म्हणजे दोन. जुळलं नाही, चूक पकडली. पण ३,५२० लिहिलं असतं, तर बेरीज दहाच, आणि ही तपासणी फसली असती. म्हणून नीट समजून घ्या. नऊची बाकी जुळली नाही तर चूक नक्की आहे. जुळली तर उत्तर बरोबरच आहे, असं मात्र म्हणता येत नाही.

तसंच दुसरं. फरकाला नऊनं भाग गेला, म्हणजे पैसे कुणी घेतलेच नाहीत, असंही सिद्ध होत नाही. कुणी नऊशे रुपये उचलले, तरी नऊशेला नऊनं भाग जातोच. हा नियम कुणाला चोर ठरवत नाही आणि कुणाला साव ठरवत नाही. तो एवढंच सांगतो की आधी कुठं शोधायचं. आणि मी त्या बैठकीत नेमकं हेच केलं नव्हतं. वही पुरती न तपासता फरक बोलून दाखवला, आणि सगळ्यांच्या माना मावशींकडे वळू दिल्या.

आता थोडा खेळ. कापरेकर मास्तरांनी १९४९ साली लोकांपुढं मांडलेला. कुठलेही चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. मोबाइलचे शेवटचे चार घ्या. मी ३५२४ घेते. हे अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडा: ५४३२. मग लहानापासून मोठ्याकडे: २३४५. वजा करा: ३०८७. पुन्हा तसंच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. अजून एकदा करा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! इथं आलं की सुटका नाही. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ वर येता. मध्ये तीन अंकी उत्तर आलं तर पुढं शून्य लावून चार अंक करा. या संख्येला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. आणि वाटेतलं प्रत्येक उत्तर तपासा: ३०८७ ची बेरीज अठरा, ८३५२ ची अठरा, ६१७४ ची अठरा. अंक तेच, जागा बदलल्या, फरक नऊच्या पाढ्यात. माझी वहीतली चूक आणि मास्तरांचा हा शोध, दोन्हींच्या मुळाशी एकच नियम.

काही जणी विचारतील, मग नऊ हा शुभ आकडा का? नाही मैत्रिणींनो. आपण दहाच्या हिशोबानं मोजतो, आणि नऊ दहापेक्षा एकानं कमी आहे, एवढ्यावरच त्याची सगळी करामत आहे. ज्याचं कारण सांगता येतं त्याला चमत्कार म्हणायचं कारण नाही. कुणी आकड्यांवरून नशीब सांगून पैसे मागितले, तर ते गणित नव्हे.

रोजच्या व्यवहारातलं एक शेवटचं. आपण फॉर्मवर आधार क्रमांक लिहितो. बारा अंक. त्यातला शेवटचा अंक मनानं दिलेला नसतो, तो आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. याकोबस व्हरहूफ या डच गणित्यानं १९६९ साली मांडलेली ती रीत. लिहिताना एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर बाराव्या अंकाशी मेळ बसत नाही आणि संगणकाला चूक कळते. आपल्या नऊच्या युक्तीला उलटे पडलेले अंक एकट्यानं पकडता येत नाहीत, ते या रीतीला येतात. पण हीसुद्धा फक्त लिहिण्यातली चूक पकडते. नंबर कोण वापरतंय ते तिला कळत नाही. म्हणून आपला नंबर फोनवर कुणालाही सांगायचा नाही, हे आहेच.

आता घरचा अभ्यास. पहिलं, १२३४५६७९ ला अठरानं गुणा, मग सत्तावीसनं, आणि काय येतं ते बघून कारण सांगा. दुसरं, पाच ते एक ठिपक्यांची रांगोळी काढा, ओळी मोजून संख्या लिहा, आणि ती कुठल्या गुणाकाराचं उत्तर आहे ते ओळखा. तिसरं, एका गटाचा फरक ६३० आला आहे. कुठली दोन घरं बघाल? पुढच्या बैठकीत मुलींनाही बसवा आणि उत्तरं त्यांनाच फळ्यावर मांडू द्या.

मावशींचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. चूक सापडल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, माझं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग ताई? जितं बोलला तितंच सांगा." बरोबर होतं त्यांचं. पुढच्या बैठकीत दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. ५,८२० आणि ८,५२० वर बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं आणि चूक माझी आहे असं मोठ्यानं सांगितलं. मग फळ्यावर नऊचा नियम समजावला. त्या दिवसापासून आमच्या गटांत एक रीत पडली आहे. मेळ बसला नाही, तर फरक आधी नऊनं भागायचा, वही तपासायची, आणि ते होईपर्यंत बैठकीत कुणाचंही नाव घ्यायचं नाही.

मावशींच्या कानातली फुलं कानातच आहेत. आता बैठकीत मी रक्कम लिहिली की त्या शेजारी बसून एकेक अंक मोठ्यानं म्हणायला लावतात. "पाच, आठ, दोन, शून्य. म्हना ताई." आणि मी म्हणते.